मिस्त्री येतील

मामा, तुम्ही गेल्याला आज बारा दिवस झाले, आणि माझं तुमच्याशी भांडण अजून चालूच आहे. सकाळी तोंड धुताना मी तुम्हाला एक सुनावतो, दुपारी तुमच्या वतीनं त्याचं उत्तरही मीच देतो. उत्तरं तुमची फर्मास असतात. सगळा जन्म शाळेत पोरांना गप्प बसवण्यात गेलेल्या हेडमास्तरांशी जावयानं वाद घालू नये, हे मला लग्नाआधी कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

तुमच्याच पारनेरच्या घरात, ओसरीवर बसून लिहितोय. आत तुमची सुमन उद्याच्या तेराव्याचं बघतेय. तुमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी तुमच्यावर लेख लिहायला घेतलाय म्हणे. तुमचा जन्म, तुमच्या बदल्या, तुमची शिस्त, सगळं त्यात येईल. माझ्याकडं त्यातलं काही नाही. माझ्याकडं आहेत आपली सासरा-जावयाची आठ वर्षं, आणि त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत आपण एकमेकांशी एक धड वाक्य बोललो नाही. आता बोलतो. तुम्ही मध्ये तोडू शकत नाही, याचा फायदा घेतो म्हणा हवं तर.

सुमनला बघायला आलो तेव्हाचं आठवतं का? पोह्यांची बशी माझ्या हातात होती आणि तुम्ही विचारलंत, "कंपनी कायम आहे ना?" मी म्हटलं, मी कायम आहे, कंपनीचं मला माहीत नाही. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पुन्हा विचारलंत, "म्हणजे नेमणुकीचं पत्र कायमचं आहे ना?" एकुलती एक मुलगी, मामी तर ती लहान असतानाच गेलेल्या. तुम्ही माणूस बघत नव्हता, पत्र बघत होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. कोल्हारच्या शेतकऱ्याचा पोरगा पुण्याच्या इंजिनांच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर झालेला, त्या पत्रावर मीही तेवढाच लट्टू होतो.

आणि पहिल्याच वर्षी मी टायफॉईडनं पडलो तर तुम्ही शाळेत रजा टाकून तीन आठवडे पुण्याला येऊन राहिलात. पलंगाशेजारी स्टुलावर बसून मला वर्तमानपत्र वाचून दाखवायचात आणि वाचता वाचता त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करायचात. मला ताप एकशे तीन, आणि तुम्ही म्हणताय, "हा ऱ्हस्व बघा, प्रभाकरराव, काय हा निष्काळजीपणा!" माझे वडील असते तर त्यांनी याहून वेगळं काय केलं असतं? हे मी कधी तुमच्या तोंडावर बोललो नाही. आजारातून उठल्यावर एकदा पाया पडलो, तेवढंच.

तर ती नोकरी. मामा, तुम्हाला वाटायचं मी ती रागाच्या भरात सोडली. किती वेळा सांगितलं, तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत, म्हणून आता नीट सांगतो. कंपनीत मी काय करायचो? पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून शेतावर जायचं. बरोबर आमचा फिटर. तो इंजिन खोलायचा आणि मी पेन्सिलीनं दाखवायचो, इथं बघ, तिथं बघ. मग झाडाखाली बसून रिपोर्ट लिहायचा. एकदा राहुरीकडं एका मळ्यात फिटर आला नव्हता. मी म्हटलं, मीच बघतो, आणि पान्हा हातात घेतला. तर शेतकरी घाबरून पुढं आला. "सायेब, तुमी नका हात लावू. मिस्त्री आल्यावर बघू." आठ वर्षं इंजिनात घालवलेला माणूस मी, आणि त्याला माझ्या हाताची भीती वाटत होती. बरं, त्याचं चुकलं का? नाही! मी तोवर एक इंजिन स्वतःच्या हातानं पूर्ण खोलून पुन्हा जोडलेलं नव्हतं. साहेब म्हणून हाक मारली की मी वळायचो, पण त्या साहेबातून कंपनी वजा केली तर खाली काय उरतं, हे मला त्या दिवसापासून काही सुचू देईना.

नोकरी सोडून कोल्हारला आलो, मनमाडच्या रस्त्यावर पत्र्याचं दुकान टाकलं. बातमी सांगायला मी आणि सुमन पारनेरला आलो तेव्हा तुम्ही जेवत होता. तुम्ही ताटावरून उठला नाहीत, ओरडला नाहीत. फक्त सुमनकडं बघून म्हणालात, "यांना ताक वाढ." त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी प्रभाकरराव राहिलो नाही. 'हे', 'यांना', 'यांचं'. दोन वर्षांत तुमच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नाही. शिव्या दिल्या असत्यात तर परवडलं असतं, खरं सांगतो.

आणि तुम्हाला काय वाटतं, मला त्या सुरुवातीच्या दिवसांत सगळं उमगलं होतं? छे! सांगतो, हसू नका. दुकान उघडलं तरी मी पांढरा शर्टच घालून बसायचो. खिशाला पेन. रोज इस्त्री. कोणी नाव विचारलं की आधी कंपनीचं नाव तोंडात यायचं, मग माझं. एके दिवशी कोंडाजी नावाचा एक शेतकरी बैलगाडीत इंजिन घालून आला. तुम्ही त्या दिवशी तिथंच होता. सुमनला भेटायला आला होतात आणि परतीच्या एस्टीला वेळ होता म्हणून दुकानात लाकडी खोक्यावर बसला होतात. कोंडाजीनं माझ्याकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं आणि विचारलं, "मिस्त्री कुठं हायती?"

मामा, मी म्हटलं, "येतील."

काय झालं होतं मला, कोणास ठाऊक. तुमच्यासमोर 'मीच मिस्त्री' असं म्हणवेना. कोंडाजी बैल सोडून निवांत सावलीला बसला. तंबाखू मळली. अर्धा तास गेला, तास गेला. "आजून न्हाई आले व्हय?" मी म्हणतोय, येतील, येतील. अहो, कोण येणार होतं? अख्ख्या दुकानात मी एकटा! आणि तुम्ही माझ्याकडं बघून मान हलवलीत, खूश होऊन. हळूच म्हणालात, "बरोबर बोललात." दोन वर्षांत तुम्ही मला दिलेली तेवढी एकच शाबासकी. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! मी तिथंच शर्ट काढला, खुंटीला टांगला आणि बनियनवर कोंडाजीपुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "आले मिस्त्री. उतरवा इंजिन."

कोंडाजी आधी गडबडला आणि मग असा हसला की बैल उठून उभे राहिले. त्यानं ती गोष्ट पंचक्रोशीत सांगितली. अजून लोक दुकानात येताना आरडतात, "मिस्त्री आले का मिस्त्री?" मी हसतो. पण त्या दिवशी मी हसत नव्हतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा एकट्यानं इंजिनाचं हेड खोललं. इंजिन चालू झाल्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला टेकवून मूठ कानाला लावली, आमचा फिटर लावायचा तशी, आणि आतला आवाज ऐकला. स्वच्छ आवाज. मी वळून बघितलं, तुम्हाला सांगावं म्हणून.

तुम्ही रस्त्यावर जाऊन उभे होता. कोंडाजी पाणी प्यायला तिकडं गेला आणि त्यानं सहज विचारलं, "गुरुजी, मिस्त्रीचे कोन लागता तुमी?" तुम्ही म्हणालात, "कोणी नाही. एस्टीची वाट बघतोय."

मी ऐकलं, मामा. तुम्हाला वाटलं इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. ऐकलं मी.

सुमनला हे आजवर सांगितलेलं नाही. तिचा बाप तिच्याजवळ कमी करायचा नव्हता. पण तुमच्या पुतण्याच्या, वसंताच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा तिलाही कळायचं ते कळलंच. खाली निमंत्रकांत माझं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'इंजिनिअर, पुणे'. मजकूर तुम्हीच लिहून दिलेला. ऱ्हस्व-दीर्घ एकही चुकलेला नव्हता. दुसऱ्याच्या वाक्यातला एवढासा काना सोडत नव्हता तुम्ही, आणि स्वतःच्या हातानं ही अशी धडधडीत चूक छापलीत. लग्नात सगळं पारनेर मला विचारत होतं, पुण्याचं पाणी मानवतं का? मी म्हणत होतो, मानवतं. काय करणार? मांडवात भांडण करू?

मग हे बहात्तर साल आलं. पाऊस नाही, विहिरींना पाणी नाही, पाणीच नाही तर इंजिन चालवणार कोण? लोकांनी इंजिनं विहिरीवरून काढून घरात गोणपाटाखाली ठेवली. नदीकाठची थोडी सोडली तर माझ्या दुकानात चिटपाखरू फिरकेना. कोंडाजी खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागला. मी रोज दुकान उघडायचो आणि पान्हे पुसून पुन्हा जागेवर ठेवायचो.

यंदा फेब्रुवारी लागताच कंपनीचं पत्र आलं. एप्रिलपासून एक जागा भरायची आहे, पूर्वीच्या हुद्द्यावर परत यायचं असेल तर मार्चअखेर कळवावं. आणि खाली मॅनेजरनं लिहिलं होतं, आपल्या सासऱ्यांच्या पत्रावरून हा विचार केला आहे.

तुम्ही त्यांना पत्र लिहिलंत. मला न विचारता. तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात तुम्ही माझ्यासाठी हात पसरलात.

त्यानंतर तुम्ही कोल्हारला आलात, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी हसू होतं. दारात पाय धुतलेत, आत येऊन बसलात आणि विचारलंत, "पत्र आलं का?" आणि मी जे तोंड सोडलं! नको नको ते बोललो. म्हटलं, तुम्ही पोरगी मला दिली नव्हती, त्या लेटरहेडला दिली होती. म्हटलं, माझ्या नावानं भीक मागायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? तुम्हीही कमी नव्हता. तुम्ही म्हणालात, "माझी मुलगी मिस्त्रीची बायको म्हणून मरावी असं मला वाटत नाही." सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातलं पीठ वाळून गेलं तरी ती हलली नाही. शेवटी मी म्हटलं, "तुमचा जावई मेला असं समजा." तुम्ही उठलात, टोपी घातलीत आणि न जेवता निघालात. सुमन भाकरी बांधून मागं धावली. तुम्ही ती घेतली नाहीत.

सव्वा महिन्यानं वसंताचा माणूस निरोप घेऊन आला. शाळेच्या पटांगणात बसल्या बसल्या गेलात म्हणाला. मी समजायला सांगितलं होतं जावई मेला म्हणून, आणि गेलात तुम्ही.

आता जे सांगतो ते सुमनलाही माहीत नाही. ज्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं, त्या आठवड्यात माझ्याही खिशात एक पत्र होतं. त्याच मॅनेजरला लिहिलेलं. मला परत घ्या म्हणून. चार दिवस ते खिशात घेऊन मी पोस्टाच्या पेटीपर्यंत जात होतो आणि परत येत होतो. पाचव्या दिवशी टाकलंही असतं, मामा! मी हरलो होतो. पण तुम्ही माझ्याआधी लिहिलंत, आणि त्या रागात मी माझं पत्र फाडून टाकलं. तुमच्यावर ओरडत होतो ना, भीक मागितली म्हणून? ती भीक मीही लिहून ठेवली होती, माझ्या गचाळ अक्षरात. तेवढं जरी त्या दिवशी कबूल केलं असतं, तरी तुम्ही जेवून गेला असता. दुकान आज माझं आहे ते माझ्या हिमतीनं नाही, तुमच्यावरच्या रागानं आहे. आणि आता तुम्हीच नाही. राग धरायचा कोणावर? ते दुकान चालवायचं कशाच्या जोरावर?

पारनेरला निघताना सुमननं कंपनीचं पत्र माझ्या पिशवीत ठेवलं. म्हणाली, "अजून मार्च संपला नाही. जायचं असेल तर जा. आता गेलात तरी कोणी जिंकलं असं होणार नाही." मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही. ती खरंच मला मोकळं करत होती. पण मोकळं झाल्यावर जायचं कुठं, तेच तर मला कळत नव्हतं.

परवा तुमचा दहावा झाला. ओढ्यात पाण्याचा थेंब नाही, वसंतानं घरून दोन हंडे पाणी आणलं होतं. त्यानंच सगळे विधी केले, अग्नीही त्यानंच दिला होता. पिंड मांडला. बाभळीवर चार-पाच कावळे होते. दुष्काळातले कावळे, भाताच्या शितासाठी जीव टाकणारे. आम्ही मागं सरकलो. एक कावळा खाली आला, पिंडाभोवती फिरला आणि उडून गेला.

भटजी म्हणाले, "गुरुजींची काही इच्छा राहिली असेल तर बोला." वसंतानं हात जोडले, तुमची पुस्तकं शाळेला देतो म्हणाला. कावळा नाही. सुमनचं सगळं माहेरपण मी करीन म्हणाला. कावळा नाही. ऊन चढत होतं, लोक डोक्यावर उपरणं धरून उभे होते. तुमच्या शाळेतले ते मास्तर म्हणाले, "जावईबापू कंपनीतून रजा काढून आलेत, त्यांनी पुढं व्हावं. गुरुजींचा त्यांच्यावर फार जीव."

मी पुढं झालो. वसंता माझ्या कानाशी आला. पारनेरात खरं काय ते त्याला एकट्यालाच ठाऊक. "दाजी, म्हणा की नोकरीवर परत जातो. निस्तं म्हणा. मनातल्या मनात म्हणा. कोन बघायला येतंय?"

बरोबर होतं त्याचं. कोण बघायला येणार होतं? ओठ हलवले असते तरी पुरलं असतं. आणि मला म्हणावंसं वाटत होतं, मामा. तुम्ही उन्हात अडकून पडला आहात आणि माझ्या एका वाक्यावर सुटणार आहात, असंच मला त्या घटकेला वाटत होतं. मी शिकलेला माणूस, असलं काही मानत नाही असं तुमच्यापुढंच मोठ्या तोंडानं बोललेला, आणि ते वाक्य मी मनात जुळवायला लागलो होतो. मागं वळून सुमनकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. मान खाली घालून उभी होती, मला धरायला नको आणि ढकलायलाही नको म्हणून.

हात जोडले आणि मोठ्यानं बोललो. मनातल्या मनात नाही. सगळ्या पारनेरला ऐकू जाईल असं. "मामा, मी कंपनीत नाही. दोन वर्षं झाली. कोल्हारला रस्त्यावर दुकान आहे माझं, इंजिनं दुरुस्त करतो. सध्या काम नाही, तरी तेच करतो. परत मी जाणार नाही."

मागं कुजबूज झाली. मास्तर माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी आत्ताच कोणाच्या तरी अंगावर धावून गेलोय. वसंतानं डोक्याला हात लावला. आणि मला, काय सांगू तुम्हाला, आतून एकदम हलकं वाटलं. ज्या गावात दोन वर्षं खोटा उभा होतो, तिथं मी पहिल्यांदा माझ्या पायावर उभा होतो. रागानंही नाही. राग कुठं शोधूनही सापडत नव्हता.

कावळा नाही आला.

आम्ही आणखी घटकाभर थांबलो. भटजींनी उन्हाकडं बघितलं आणि दर्भाच्या काड्या वळून कावळा केला. अशा वेळी तसा करतात. तोच पिंडाला शिवायचा. लोक वाकून चपला शोधायला लागले, वसंता हंडे उचलायला गेला. तुमची एक इच्छा राहिली, मामा. ती मी राहू दिली, समजून उमजून. कंपनीला 'येत नाही' म्हणून कार्डही काल तुमच्याच पारनेरच्या पोस्टातून टाकलं.

पण भटजी दर्भाचा तो कावळा पिंडाला लावत होते तेव्हा तिथल्या सगळ्यांत मी एकटाच अजून बाभळीकडं बघत उभा होतो.